कपांच्या देशाला निघालेल्या फळ्या

मुक्त व्यापाराचा करार झाला त्या वर्षी ताईचा मध समुद्रापार निघाला आणि तिच्या धाकट्या भावाची भट्टी थंड पडली. समोरच्या देशाने मधावरचा कर काढला, आपल्या देशाने कपबश्यांवरचा. तिकडचा कप इथे निम्म्या भावात मिळू लागला. मग भावाचा कोण घेणार?

भावाला सगळे कपवाला म्हणत. त्याने कामगारांना दुसरीकडे काम बघायला सांगितलं. कपांच्या काठावर निळी वेलबुट्टी काढणारी नक्षीवाली उठली. कुंचले धुऊन तिने फडक्यात गुंडाळले आणि निघून गेली. ते त्याला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

"माझी पिंपं उद्या बोटीवर चढणार आहेत," ताई म्हणाली. "चल गोदीवर."

"माझ्या पोटावर पाय दिला त्या बोटीला हात जोडायला येऊ?"

"हात नको जोडू. शिव्या दे हवं तर. पण बघ तरी एकदा."

तो फुरंगटूनच गेला. गोदीवर पोचल्यावर मात्र त्याची मान वर गेली ती खाली येईना. बोट कसली, उंच घरांची अख्खी गल्ली उचलून कोणी पाण्यावर ठेवली होती. त्याच्या कारखान्याएवढा कंटेनर क्रेनने काडेपेटीसारखा उचलला, अलगद फिरवला आणि खाली टेकवला. तिकडचे कप उतरत होते आणि त्याच बोटीत ताईचा मध चढणार होता.

शेडमध्ये एक खोकं फुटून पडलं होतं. "टाकाऊच आहे आता, बघा की," रखवालदार म्हणाला.

कपवाल्याने एक धड कप उचलून उजेडात धरला. पलीकडून स्वतःच्या बोटांची सावली दिसली.

"ताई, अगं बघ! माती आहे का कागद?" मनात घोळवून आणलेल्या शिव्या तो विसरूनच गेला.

सवयीने त्याने कप सपाट फळीवर ठेवला. कप डुगडुगला. दुसरा ठेवला, तिसरा ठेवला. तेही डुगडुगले.

"कप ज्यावर भाजतात ना, ती भट्टीतली फळी वाकते यांची. आच सोसत नाही तिला."

"आणि तुझी?"

"आपल्या टेकडीची माती आहे ती. बाबांनी केलेल्या फळ्या अजून सरळ आहेत."

"मग कप राहू देत. त्यांना फळ्या वीक."

"डोकं फिरलंय तुझं," तो म्हणाला खरा, पण घरी येताच त्याने बाबांची एक फळी काढून पुसली.

पुढच्या खेपेला मधाच्या पिंपांबरोबर नमुन्याच्या फळ्या तिकडच्या एका कपांच्या कारखान्याला गेल्या. बरेच महिने काहीच कळलं नाही. त्याने आशा सोडली होती, तेवढ्यात मागणी आली. भट्टी पेटली. पण फळ्यांना हात कमी लागतात. निम्मेच कामगार परत आले. फळ्यांवर नक्षी तर नसतेच.

तिकडच्या मालकाने एकदा फोनवरून आपली भट्टी दाखवायचं ठरवलं. कपवाल्याने सगळ्यांना बोलावलं, नक्षीवालीलाही. ताईने फोन भिंतीला टेकवून ठेवला.

भट्टी एखाद्या लांबलचक बोगद्यासारखी होती. एका टोकाने करड्या कच्च्या कपांचे गाडे आत जात होते, दुसऱ्या टोकाने पांढरेशुभ्र कप बाहेर येत होते. गाडे थांबतच नव्हते. आणि कपांच्या प्रत्येक रांगेखाली इकडच्या फळ्या होत्या, इकडच्याच टेकडीची माती. कपवाल्याच्या अंगावर सरसरून काटा आला.

नक्षीवालीने हळूच विचारलं, "आणि तिकडे आधी फळ्या कोण करायचं?"

कपवाल्याने तिच्याकडे पाहिलं. मग फोनजवळ जाऊन तेच विचारलं. भाषांतर करणारी मुलगी मालकाशी बोलली आणि म्हणाली, "गावाबाहेर एक कारखाना होता. बाप आणि लेक चालवायचे. आता बंद आहे."

कपवाल्याने पडद्याकडे पाहिलं. गाडे सरकतच होते.

"त्या दोघांना म्हणावं, एकदा इकडे या," तो म्हणाला. "बोटीने या. बोट बघण्यासारखी आहे. आणि येताना तुमच्याकडची मूठभर माती घेऊन या. तिचं काय होतं ते मिळून बघू."