बगळगडाच्या सदरेची पश्चिम भिंत

मित्रांनो, मी बगळगडाची सदर. वय पाचशेच्या पुढे. नक्की आकडा मलाही ठाऊक नाही, कारण माझ्या जन्माच्या वेळी कोणी शिलालेख कोरला नाही. सदर म्हणजे किल्ल्यातली बैठकीची मोठी जागा. किल्लेदार इथे बसून तंटे ऐकायचा, गलबतांच्या बातम्या ऐकायचा. नाटे गावाहून होडीने खाडी ओलांडली की जे टेकाड लागतं, त्याच्या माथ्यावर मी आहे. माझं छप्पर जाऊन शंभर वर्षं झाली. चार भिंती मात्र उभ्या आहेत, आणि त्यातली चौथी कशी वाचली हे सांगायला मी इतकी उतावीळ झाले आहे की कुठून सुरुवात करू ते कळेनासं झालंय.

पायापासूनच करते. इमारतीने दुसरीकडून करूच नये.

माझं अंग जांभ्या दगडाचं. हा दगड जमिनीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीने कापला जातो. मग त्याला ऊन-वारा खाऊ द्यायचा, तेव्हा तो कणखर होतो. कापलेल्या ठोकळ्याला आमच्याकडे चिरा म्हणतात. माझे चिरे याच टेकाडावर काढले आणि जिथून काढले तो खड्डा गडाचं तळं झाला. समुद्रावरच्या शिंपल्या भाजून चुना केला. त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घातलं, बैल फिरवत असलेल्या घाण्यात तो दिवस दिवस मळला. त्या महिन्यांत माझ्या अंगाला गुळाचा वास यायचा आणि मुंग्या माझ्यावर फार प्रेम करायच्या!

मला बांधणारा मुख्य गवंडी घाटावरून आणलेला होता. हात सोन्याचा. पूर्व, उत्तर, दक्षिण अशा तीन भिंती त्याने उचलल्या, पूर्वेला दार ठेवलं. पश्चिम बाजू त्याने मोकळी सोडली. तिथे काळ्या दगडाचे सहा तळखडे बसवले, प्रत्येकावर कमळाच्या पाकळ्या कोरल्या आणि त्यांवर सागाचे सहा खांब उभे केले. किल्लेदाराला बसल्या जागी समुद्र दिसावा म्हणून!

चिरे काढणारा इथला म्हातारा त्याला म्हणाला होता, "पश्चिम उघडी ठेवू नको रे. वारा आत शिरला की बाहेर पडायला वाट मागतो, आणि वाट नसली की वर बघतो."

गवंडी हसला. "आमच्याकडे सगळ्या सदरा समोरून मोकळ्याच असतात."

मित्रांनो, ज्येष्ठात तो वारा आला. आत शिरला, वाट मागितली, आणि मग वर बघितलं. माझी कौलं तळ्यात सापडली. एक वासा खाली खाडीत तरंगत होता. घाटावरच्या गवंड्याने दोन दिवस तळ्यातून कौलं वेचली. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतः टोपली उचलली. किल्लेदाराला दसऱ्याचा दरबार माझ्यातच भरवायचा होता. मग भर पावसात चिरे काढले, सुकवायला वेळ न देता तसेच लावले, खांब काढून तळखडे आहेत तिथेच ठेवून त्यांच्यावरून भिंत उचलली. घाईचं काम ते. बाकी तीन भिंती घडीव आणि ही ओबडधोबड. पण दसऱ्याला माझ्यावर पुन्हा छप्पर होतं, आणि ते पुढे चारशे पावसाळे हललं नाही.

नंतरचं थोडक्यात सांगते. किल्लेदार गेले, मग माझ्यात भात साठवलं, मग गुरं बांधली. लाकूड लोकांनी नेलं. भिंतींच्या सांध्यांत पिंपळ उगवू लागले. पिंपळाचं रोप दिसायला गोजिरवाणं असतं, पण ते भिंत फोडतं, त्याला घाई नसते एवढंच.

त्या पिंपळांवर एकच माणूस नजर ठेवून होता: नाट्याचा भिवा गवंडी. दिवाळी झाली की तो कोयता आणि चुन्याची टोपली घेऊन यायचा, रोपं मुळासकट काढायचा आणि सांधे भरायचा. कोणी सांगितलं नव्हतं. त्याची मुलगी नेत्रा लहान असताना टोपली धरायची. भिवा जो भेटेल त्याच्याशी वाद घालायचा, "ही पश्चिमेची भिंत पहिल्या दिवसापासूनची हाय. माज्या हाताला कळतं." लोक हसायचे. नेत्रा हसायची नाही. ती मोठी झाली, रत्नागिरीत ग्रंथालयात नोकरीला लागली. यंदा श्रावणात भिवा गेला.

आणि दिवाळीत बातमी आली, मला नवं छप्पर मिळणार! मी किती हरखले म्हणून सांगू! सरपंच दमयंतीताईंनी मोठ्या खटपटीने काम मंजूर करून आणलं होतं. समुद्रापासून लांबच्या सावर्ड्याचा ठेकेदार गुरुप्रसाद माझ्यात उभा राहून हात पसरून सांगत होता, "गणपतीपुळ्याला जाणारी माणसं इकडेही वळतील. इथे बाकं, समोर सूर्यास्त. फक्त ही पश्चिमेची भिंत काढायची. कोणीतरी मागाहून घातलेलं ठिगळ आहे ते."

माझा आनंद जागच्या जागी थिजला. पुन्हा तेच! पाचशे वर्षांनी, तीच पश्चिम उघडी!

रविवारी सकाळी गडावरच सभा ठरली. आदल्या दिवशी नेत्रा आली. बरोबर रावजी होता, भिवाचा चिरेखाणीवरचा जुना सोबती. रावजी तळ्याकडे गेला आणि नेत्राने वडिलांचा कोयता घेऊन पिंपळ काढायला घेतले. रडली नाही. नुसती काढत राहिली. पश्चिमेच्या भिंतीत खाली एक मूळ होतं. तिने ते ओढलं, आणि त्याबरोबर एक चिराच बाहेर आला.

आत काळा दगड दिसला. कमळाची पाकळी दिसली.

ती गवंड्याची मुलगी. तळखडा ओळखायला तिला क्षण पुरला. तळखडा म्हणजे खांब, खांब म्हणजे मोकळी बाजू. म्हणजे ठेकेदार खरा आणि तिचे आप्पा खोटे.

तिने मागे वळून पाहिलं. रावजी दूर होता. मग तिने चिरा उचलला आणि हळूच होता तिथे परत सरकवला.

मित्रांनो, मी आयुष्यात एवढी ओरडले नसेन! नको झाकू, पोरी, नीट बघ! पण भिंतींचा आवाज कोणाला ऐकू जातो? सुदैवाने चिरा हट्टी निघाला. चार बोटं बाहेरच राहिला. खालची माती काढायला तिने आत हात घातला, आणि हात तिथेच थांबला.

पाकळीची कड बोटाला टोचली होती.

तिने चिरा बाजूला ठेवला, पोटावर आडवी झाली, आत डोकावली. छिन्नीची रेघ न् रेघ ताजी! खांब बसवायच्या खाचेचे कोपरे धारदार! ती उठली आणि धावत पूर्वेच्या दाराकडे गेली. तिथला उंबरठा त्याच काळ्या दगडाचा, पण पावलांनी झिजून ताटासारखा खोलगट झालेला. ती पुन्हा पश्चिमेला धावली. मला तर वाटलं, माझे सगळे चिरे उड्या मारताहेत!

"रावजीकाका! धावा!"

"काय गो? सरप दिसला?"

"हा दगड बघा. इथून कधी माणसं चाललीच नाहीत!"

रावजीने दगड नाही, आधी निखळलेला चिरा हातात घेतला. नखाने खरवडला, उलटा केला. "ह्यो ओला लावलेला हाय. सुकवायला दमच धरला नाय. घाई झालेली कोनाला तरी."

"कसली घाई?"

रावजीने समुद्राकडे पाहिलं. "नेत्रा, ह्या टेकाडावर घाई एकाच गोष्टीची होते. डोक्यावरचं छप्पर गेलं की."

दुसऱ्या दिवशी सारा गाव माझ्यात जमला. नेत्राने सगळ्यांसमोर चिरा काढून दाखवला.

"झालं!" गुरुप्रसादने टाळी वाजवली. "खांबाचा तळखडा! बाजू मोकळीच होती. नेत्राताई, माझं काम तुम्हीच सोपं केलंत."

मागून कोणीतरी म्हणालं, "बापसालाच खोटा पाडलास गो!"

नेत्राचा चेहरा उतरला, पण आवाज नाही. "आत हात घाला, गुरुप्रसाद. घाला तर. आता तोच हात उंबरठ्यावर ठेवा."

गुरुप्रसाद माणूस कामाचा होता. त्याने तळखडा चाचपला, दाराशी जाऊन उंबरठा चाचपला. परत आला आणि पुन्हा आत हात घातला. लोक पुढे सरकले.

"हे तर वापरलेलंच नाही," तो पुटपुटला. "जेमतेम एक हंगाम."

"एकच पावसाळा," नेत्रा म्हणाली. "बाजू मोकळी ठेवली, छप्पर गेलं, आणि ज्यांनी सदर बांधली त्यांनीच ही भिंत घातली. ठिगळ नाही हे. चूक कळल्यावर केलेलं काम आहे. तुमचा नकाशा त्या पहिल्या चुकीचा आहे."

"सावर्ड्याचा मानूस," रावजी म्हणाला, "त्याला दर्यावरच्या वाऱ्याची काय ओळख! बांधा हो बांधा. कौलं गोळा करायला आमी होडी घेऊन खाडीत उभे ऱ्हातो."

सगळे हसले. गुरुप्रसादही हसला, मग कान खाजवत नकाशा गुंडाळू लागला. दमयंतीताईंनी विचारलं, "भिंत ठेवून छप्पर होईल का?"

"होईल," तो म्हणाला. "उतार बदलावा लागेल. बाकं बाहेर, तटाजवळ ठेवू. सूर्य तिथूनही दिसतो."

लोक पांगले. रावजी नेत्राजवळ आला. "म्हंजे भिवा बरोबर होता तर."

"नाही, काका." तिने भिंतीवर तळवा टेकला. "आप्पा चुकले. एका पावसाळ्याने चुकले." आणि श्रावणानंतर पहिल्यांदाच तिचे डोळे भरून आले. त्याच वेळी ती हसलीही. मी दोन्ही पाहिलं.

मित्रांनो, मला हार नकोत, रोषणाई नको. माझ्यासारख्या म्हाताऱ्यांकडे याल तेव्हा भिंतींवर नावं कोरू नका, आणि एखादा भाग कुरूप दिसला म्हणून त्याला मागाहूनचा म्हणून मोकळे होऊ नका. आधी हात लावा. झिजलाय का बघा, कड टोचते का बघा. ज्यांना दगडातलं कळतं त्यांना विचारा. कुरूप भिंतीमागे बहुतेक वेळा कोणीतरी आपली चूक कबूल केलेली असते, आणि तेवढं मोठं काम घडीव दगडालाही जमत नाही.

माझे नवे वासे चैत्रात चढतील. नेत्रा चुना स्वतः मळून घेणार आहे, गूळ-हिरडा घालून. मुंग्यांना निरोप गेलाच असेल! मग ज्येष्ठ येईल. वारा येईल, भिंतीवर धडका देईल.

येऊ दे.