भिंतीतला मुलगा

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. घरी त्याची आई दिवसभर एकटी असायची. हल्ली ती गॅस चालू ठेवून विसरायची, माणसांचा आणि दिवसांचा घोळ करायची. म्हणून त्याने तिच्या खोलीत, कपाटाच्या वर भिंतीला कॅमेरा ठोकला. मोबाइलवर आई दिसायची, आणि इकडून बोललं की तिकडे ऐकू जायचं.

पहिले पंधरा दिवस सुखाचे गेले. जेवणाच्या सुट्टीत तो विचारायचा, "आई, गोळी घेतलीस का?"

ती वर बघून हसायची. "घेतली रे बाळ्या. तू जेवलास?"

मग एका दुपारी त्याने मोबाइल उघडला. कपाटातले सगळे कपडे जमिनीवर होते. आई भिंतीला कान लावून उभी होती.

"आई, काय शोधतेस?"

"आत कसा गेलास रे? थांब, काढते तुला."

"अगं, मी कामावर आहे. इथून बोलतोय."

त्याच्या आवाजाने ती आणखीच बिथरली. स्वयंपाकघरातून पळी आणून गिलावा उकरायला लागली. तो समजावायला गेला की तिचा हात दुप्पट वेगाने चालायचा. शेवटी त्याने मोबाइलवरून आपला आवाज बंद केला.

"बोल ना बाळ्या. श्वास घेता येतोय ना?"

काम जोडीदारावर टाकून तो निघाला. रस्ताभर मोबाइल हातात होता. ती हाका मारत होती आणि तो गप्प होता.

त्याने दार उघडलं. कामाचा गणवेश आणि खांद्यावरची हत्यारांची पिशवी पाहून ती लगबगीने पुढे आली. उकरून उकरून तिच्या नखांतून रक्त येत होतं.

"आलात, मिस्त्री? माझा मुलगा आत अडकलाय. लहान आहे हो, घाबरला असेल."

"आई, अगं मीच..."

"आधी त्याला काढा."

तो स्टुलावर चढला. चार स्क्रू काढले, कॅमेरा पिशवीत टाकला.

"निघाला, काकू," तो म्हणाला.

"कुठंय मग?"

"खेळायला पळाला."

तिचा जीव भांड्यात पडला. "तसलाच आहे तो. आईला तोंड दाखवेल तर शपथ."

त्याने तिची बोटं धुतली, पट्ट्या बांधल्या. पुढच्या आठवड्यापासून अर्ध्याच दिवसाची नोकरी घेतली. तिला भरवायचा, वेणी घालायचा. ती त्याला 'मिस्त्री'च म्हणायची, अगदी आदराने. आणि मधूनच उदास होऊन सांगायची, "मुलगा हल्ली बोलत नाही. काही चुकलं असेल माझं."

"नाही हो, काकू. तुमचं काही चुकलं नाही."

असे आठ महिने गेले. शेवटी तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथे नर्सने तिला विचारलं, "आजी, हे कोण तुमचे?"

तिने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं.

"घरचेच म्हणा," ती म्हणाली. "दुरुस्तीला आले होते, मग राहिले."