बाहीची खाच

अहवालात हो लिहिलं नव्हतं आणि नाहीही. ‘बदल आढळला, अर्थ अनिश्चित,’ एवढंच. लेकीने ते तीनदा वाचलं, मग कागद उलटून मागे काही आहे का तेही पाहिलं. मागे कोरं होतं.

चार महिन्यांपूर्वी तिची आई आपल्या शिवणाच्या दुकानात कोटाचं कापड कापता कापता टेबलाजवळच कोसळली होती. हृदयाचा स्नायू जाड झाला होता म्हणे. कुणाला पत्ताच नव्हता. अशी दुखणी घराण्यात उतरतात, म्हणून आईचं राखून ठेवलेलं रक्त तपासलं, मग लेकीचं. दोघींत तोच एक बदल निघाला. आईला ज्याने नेलं ते आपल्याही अंगात आहे का, एवढंच तिला हवं होतं.

डॉक्टरीणबाईंनी कागद ओढून घेतला आणि चित्र काढलं.

“प्रत्येक पेशीच्या मधल्या भागात मूळ मजकूर जपून ठेवलेला असतो. तो तिथून बाहेर पडत नाही. लागेल तेवढ्या भागाची नक्कल निघते, ती बाहेर येते, आणि तिथलं यंत्र ती तीन-तीन अक्षरांनी वाचतं. दर तीन अक्षरांना एक मणी. मणी ओवून माळ होते, माळ दुमडून ठरावीक घाटाची झाली की तयार झालं प्रथिन. हृदयाचा स्नायू अशाच प्रथिनांचा.”

लेकीला हे फार ओळखीचं वाटलं. आईचे कोट बेतायचे मूळ कागद, जाड, खाकी, कपाटात टांगलेले असत. ते टेबलावर येत नसत. पातळ कागदावर नक्कल काढायची, ती कापडावर ठेवायची, चुरगळली की फाडून टाकायची. नकलेवरून नक्कल काढलेली तर आईला मुळीच खपायची नाही.

“मग ती नक्कल फाडून दुसरी नाही काढता येत?”

“पेशीही नकला मोडून टाकते आणि नव्या काढते. पण हा फरक मूळ कागदातच आहे. एक अक्षर वेगळं, म्हणून एक मणी वेगळा. कधी एका मण्याने सगळा घाट बिघडतो, कधी काही म्हणता काही होत नाही. हा त्यातला कुठला, ते आज कुणालाच माहीत नाही.”

“तुम्हालाही?”

“मलाही. तुमच्या मावशी आहेत ना, चौऱ्याहत्तरच्या? त्यांच्यात हाच बदल असला आणि हृदय ठणठणीत निघालं, तर तो बहुधा निरुपद्रवी म्हणता येईल. नसला, तर संशय थोडा वाढेल.”

म्हणजे मावशीत तो असायला हवा होता. चालत दुकानात येईपर्यंत लेक मनातल्या मनात तेच मागत होती आणि मागताना तिला स्वतःचीच लाज वाटत होती.

मावशी काजं करत बसली होती. “काय म्हणाली डॉक्टरीण?”

“तुझं रक्त हवंय.”

“ने की. चहाच निघेल त्यातून.”

“तुझ्यात आईसारखाच बदल निघाला तर बरं होईल.”

“कुणाचं बरं?”

“माझं.”

मावशीची सुई थांबली. “मग निघू दे बाई. तेवढ्यासाठी तोंड का पाडतेस?” मग कपाटातल्या एका खाकी कागदाकडे तिने बोट केलं. “बाही जोडायची ती खाच बघ. अर्धं बोट पुढे आहे. वीस वर्षं मी तुझ्या आईच्या मागे लागले, सुधार म्हणून. म्हणायची, हिच्यामुळे बिघडलेला एक कोट दाखव.”

“बिघडले का?”

“काही कोट नीट बसले नाहीत. आता ते खाचेमुळे की गिऱ्हाइकाच्या खांद्यामुळे, कुणी सांगावं?”

दीड महिन्याने निकाल आला. बदल मावशीतही होता आणि तिचं हृदय, डॉक्टरीणबाईंच्या शब्दांत, वयाहून वीस वर्षांनी तरुण. खात्री कुणी देत नव्हतं. वर्षाकाठी तपासणी करा, म्हणाल्या, पण भीती पुष्कळ कमी झाली.

जिन्यात लेक मटकन बसली.

“अगं, सुटलीस ना? आता रडतेस कशाला?”

“मग आई कशाने गेली?”

मावशी तिच्या शेजारी पायरीवर बसली.

दुकानात आईचा शेवटचा कोट तसाच पडून होता. कापड चौकड्यांचं, म्हणून एक-एक बाजू वेगळी कापायची. उजवी तेवढी झाली होती. लेकीने मूळ कागद उतरवला, पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवली आणि खाचेपाशी येऊन थांबली.

“मावशी, इथे करू की मागे घेऊ?”

“मला काय विचारतेस?” म्हणत मावशी उठून आलीच. दोघी वाकून बघत राहिल्या.

उजव्या बाजूवर आईच्या कात्रीची खाच होती, अर्धं बोट पुढे. डावी तिला जुळायलाच हवी होती. लेकीने खाच तिथेच मारली. ती चूक होती की नाही, ते तिला अजून कळलं नव्हतं.