शेपटीवरची गाठ

मी एक सूक्ष्मदर्शक. लोक मला 'डॉक्टरांची दुर्बीण' म्हणतात, तेही मला चालतं. माझा जन्म अंबाल्याचा. १९९९ साली खोक्यात बसून रेल्वेने गोंदियाला आलो आणि जवळच्या कुडवा गावात डॉक्टर केशोरावांच्या जनावरांच्या दवाखान्यात खिडकीपाशी माझी जागा ठरली.

गाईबैलांचं रक्त, शेळ्यांच्या लेंड्या, हेच माझं जग. पुढे नमुने बाहेर तपासायला जाऊ लागले. माझ्या अंगावर जुना टॉवेल पडला, तो पडलाच.

२०१३ च्या उन्हाळ्यात देवकाबाई बांबूची टोपली घेऊन आल्या. त्या बिड्या वळत. त्यांचा मुलगा भूपेंद्र याने नागपूरला शिकताना इग्वाना पाळला होता, हिरवा, लांब शेपटीचा परदेशी सरडा. नोकरीसाठी पोरगा पुण्याला गेला, सरडा आईकडे राहिला. बाई त्याला बाबू म्हणत.

बैल घेऊन बसलेला खुशाल नावाचा शेतकरी टोपलीत डोकावला. "अरे बाप! बाई, इलाज कराचा का रस्सा?"

"तुहाच रस्सा करतो. चूप बस!" देवकाबाईंनी त्याला फटकारलं.

बाबूच्या शेपटीवर सुपारीएवढी गाठ होती. डॉक्टर म्हणाले, "देवकाबाई, मी आजवर सरड्याची गाठ तपासली नाही. गाईच्या गळवात सुई टोचली की पू येतो. याचा पू घट्ट असतो, सुईत येत नाही. म्हणून हे गळू आहे की कॅन्सर, हे पेशी पाहूनच कळेल."

माहीत नाही, असं सांगणारा डॉक्टर मला फार आवडतो.

टॉवेल निघाला. सुईतला थेंब काचेवर पसरून, रंगवून माझ्याखाली आला. मला दिसले नुसते पिवळे कण आणि खडे! डॉक्टरही बुचकळ्यात पडले. मग त्यांनी गाठीवर बोट घासलं आणि बोटाचा वास घेतला.

"बाई, याला काय लावलं?"

बाई पदराशी चाळा करत राहिल्या. "हळद-चुना. बैलाच्या सुजेले आमी तेच लावतो. तुमी रागावसान म्हणून सांगतलं नाही."

डॉक्टर रागावले नाहीत. गाठ स्वच्छ धुऊन त्यांनी नवा नमुना घेतला. या खेपेला पेशी लख्ख दिसल्या. एक मोठी, एक लहान, एक वेडीवाकडी.

त्यांनी बाईंनाच माझ्यापाशी बसवलं. "तुमच्या एका जुडीतल्या बिड्या कशा एकसारख्या असतात? चांगल्या पेशी तशाच असतात. या पाहा."

बाईंनी कितीतरी वेळ पाहिलं. "एकीचा मेळ दुसरीले नाही," त्या हळूच म्हणाल्या. "वाचंल का जी हा? पोराले काय सांगू?"

"कॅन्सरच वाटतो. पण गाठ शेपटीच्या टोकाकडे आहे. तेवढी शेपूट काढली तर आशा आहे."

"तं काढा. शेपटीबिगर बी माहाच आहे तो."

शेपूट निघाली. गाठ नागपूरला तपासायला गेली. तिथूनही कॅन्सर असल्याचंच कळलं, पण कापलेली कड स्वच्छ होती, म्हणजे कॅन्सर मागे उरला नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात बाई पुन्हा आल्या. टोपलीत अर्ध्या शेपटीचा बाबू जास्वंदीचं फूल चघळत होता. बाईंनी माझ्यावरचा टॉवेल काढला, पदराने माझी काच पुसली आणि बाबूला माझ्यासमोर धरलं.

"पाहून घे रे. यानंच पाह्यलं होतं तुले."

आता माझा एक स्क्रू ढिला झालाय, आरसाही काळवंडलाय. तुमच्या घरच्या मुक्या जिवाला गाठ आली तर त्याला लवकर आणा, आणि घरी काय लावलं ते आधी सांगा. माझा टॉवेल काढायला डॉक्टरांना कितीसा वेळ लागतो?