कुंकवाचं बोट

गुरुशांत तसा वाईट माणूस नव्हे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं त्यानं जे केलं ते ऐकून तुम्ही त्याला शिव्या घालणार, आणि मी काही तुम्हाला अडवणार नाही.

सोलापुरात डॉ. अवधूत यांची रक्ततपासणीची लॅब आहे. गुरुशांत तिथले कॉम्प्युटर सांभाळायचा. रिपोर्ट भरायला दाक्षायणी होती, जवळच्या कुंभारी गावची, अकरा वर्षं एका खुर्चीवर. सगळे तिला अक्का म्हणत. नवरा गेल्यावर याच नोकरीवर तिनं लेकीला, पिंकीला, नर्सिंगपर्यंत आणलं होतं.

लॅबचा सर्व्हर मागच्या खोलीत. या सर्व्हरच्या पोटात एक गंमत असते बघा. मोठ्या मशीनवर लक्ष ठेवायला आतच एक छोटी चिप बसवलेली असते. तिचं डोकं वेगळं, तिची वायर वेगळी. मोठं मशीन बंद पडलं तरी ही जागीच. मोठ्या मशीननं तिला थोड्या थोड्या वेळानं निरोप धाडायचा, की मी ठीक आहे. निरोप धाडायला एक छोटासा प्रोग्राम असतो. दहा मिनिटं निरोप आला नाही, की चिप समजते मशीन गार पडलं, आणि कुणाला न विचारता बंद करून पुन्हा चालू करते. ही दहा मिनिटांची वेळ गुरुशांतनंच उन्हाळ्यात लावली होती. वर चारचौघांत मिरवलाही होता.

खंडेनवमीला सकाळी मशीन फार सुस्त चालत होतं. डॉक्टर म्हणाले, जरा साफसफाई कर. इकडं घरून बायकोचा, सिद्धेश्वरीचा तिसरा फोन, पूजा सांगणारे स्वामी येऊन बसलेत, तुमचा पत्ता नाही. मग काय, घाई! नको ते प्रोग्राम काढता काढता गड्यानं तो निरोप धाडणारा प्रोग्रामही उडवला. अशा वेळी आधी चिपला सांगायचं असतं, बाई गं, मोजणं थांबव. दहा वेळा केलेलं काम, पण त्या दिवशी विसरला आणि गाडीला किक मारून निघून गेला.

त्या लॅबची रीत अशी, की खंडेनवमीला प्रत्येक यंत्राला हळदकुंकू आणि झेंडू. पेशंट थांबत नाहीत, म्हणून पूजा चालू मशीनचीच. अक्का ताट घेऊन मागच्या खोलीत गेली. सर्व्हरच्या तोंडावर, बटणाच्या शेजारी, तिनं कुंकवाचं बोट टेकवलं, आणि त्याच क्षणी मशीनचे सगळे दिवे गेले.

"अगं बाई! माझं बोट लागलं की!" तीच ओरडली. दुसऱ्या कुणी आरोप करायची गरजच पडली नाही.

मशीन परत सुरू झालं, पण नोंदी लिहिताना मध्येच तुटल्यानं आठवडाभराची फाइल नासली. कुंभारीच्या कामगार वस्तीतल्या शिबिरातल्या त्रेचाळीस लोकांचे रिपोर्ट गेले. नमुने टाकून दिलेले. डॉक्टर भडकले. "अकरा वर्षं झाली, बटण कुठं आणि कुंकू कुठं, एवढं कळू नये? महिनाअखेरीस तुमचं काम थांबवा."

दुपारी गुरुशांत आला आणि त्यानं चिपची नोंदवही उघडली. चिप सगळं लिहून ठेवते, कुणी बटण दाबलं की तिनं स्वतःच मशीन पाडलं. नोंद स्वच्छ होती. बटण दाबलेलं नाही. अकरा वाजून बारा मिनिटं, निरोप नाही, म्हणून पुन्हा चालू केलं.

सकाळी आपण काय उडवलं ते त्याला आठवलं. 'नोंदी पुसा' असा पर्यायही तिथं होता. त्यानं पुसल्या नाहीत, तेवढी लाज होती. पण डॉक्टरांनी दारातून विचारलं, "बटणच ना?" आणि त्याची मान हलली. हो म्हणून हलली.

त्यानंतर त्याला जेवण गोड लागेना. उद्या सांगू, उद्या सांगू असं करत आठवडा गेला. रविवारी अक्काचाच फोन आला. "गुरू, वस्तीवर सोडतोस का रं गाडीवर? लोकास्नी परत रगत द्यायला सांगायचंय. मी गेले तरच यायचे ते." नाही कुठल्या तोंडानं म्हणणार?

नऊ घरं झाली. प्रत्येक दारात अक्का हात जोडायची. "माझ्या हातनं चूक झाली, तेवढं परत या." पहिल्याच घरातला शिवप्पा तोंड सोडून बोलला. "आमी दोनदा खाडा पाडायचा व्हय? अक्कल न्हाय तर कशाला बसतीस तितं? लोकाच्या जिवाशी खेळ करती बाई!" अक्का खाली मान घालून ऐकत राहिली. गुरुशांत फाटकाशी उभा, नुसता चपलेनं माती उकरत.

नवव्या घरानंतर ती एका कट्ट्यावर टेकली. "गुरू, खरं सांगू? मला आता यंत्राचं भ्याच वाटतंय. घरातल्या मिक्सरचं बटन बी पिंकीकडनं दाबून घेते."

तिथं त्याचा धीर सुटला. सगळं सांगितलं त्यानं. चिप, निरोप, काढलेला प्रोग्राम, डॉक्टरांपुढं हललेली मान. फोनमध्ये नोंदीचा फोटो होता तोही दाखवला. अक्काला सगळं उमगलं नाही, पण कामाचं तेवढं उमगलं.

"म्हंजे माझं बोट लागलंच न्हवतं?"

"न्हाय अक्का."

ती हसायला लागली, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. गुरुशांतनं तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि सगळं कबूल केलं. डॉक्टर म्हणाले, "दाक्षायणीबाईंना म्हणावं, काम सोडायचं नाही. मी स्वतः बोलेन त्यांच्याशी. तू उद्या केबिनमध्ये ये." नोकरी जाणार हे त्याला कळलं, तरी छाती हलकी झाली. सुटलो, असंच वाटलं लेकाला!

"तुला कवा कळलं हे?" अक्कानं विचारलं.

"त्याच दिवशी. दुपारी."

अक्काचं हसू गेलं. "पिंकी रोज म्हनायची, आई, तुझं बोट लागलं नसंल. मी तिच्यावरच वरडत हुते." ती उठली, पदर खोचला. "पुढची घरं मी करते."

"अक्का, मी सांगतो की लोकांना..."

"पुढच्या घरात नगं. ज्या नऊ दारांत मी हात जोडले, तितं जा."

ती पुढच्या गल्लीत वळली. गुरुशांत माघारी शिवप्पाच्या दारात आला. हात जोडले, चूक आपली असल्याचं सांगितलं, अक्काचा काडीचा दोष नाही म्हणाला. शिव्या खायची त्यानं तयारी ठेवली होती.

शिवप्पानं शिवी दिली नाही. तो उंबऱ्यावर खाली बसला.

"आन तू तितं फाटकात हुतास की," तो म्हणाला. "मी त्या बाईला इतकं बोललो. तू ऐकत हुतास."

गुरुशांतला त्याच्याकडं बघवेना. अजून आठ घरं राहिली होती.