बेसिलसाठी राखलेलं गाणं

आमच्या बाबांइतका हट्टी माणूस अख्ख्या वसईत सापडायचा नाही. चर्चच्या गायनवृंदाचे ते मास्तर, फ्रेडरिक मास्तर. नाताळसाठी त्यांनी स्वतः एक गाणं रचलं होतं, चालही त्यांचीच. त्यातला एकट्यानं गायचा भाग माझ्या धाकट्या भावाचा, बेसिलचा. बेसिल जर्मनीला गेला आणि बाबांनी ते गाणंच बंद केलं. पुढे क्लेमेंट मास्तर झाला, तो दर नाताळला मागायचा. बाबांचं उत्तर ठरलेलं, "बेसिल आला की बघू." म्हणजे बाकीचे काय मुके होते? पण त्यांना सांगणार कोण!

बेसिल टेनर. म्हणजे पुरुषांतला वरचा, चढा आवाज. वाडीत केळींना पाणी सोडताना हा गायला लागला की बाबा पाट तसाच वाहू द्यायचे आणि ऐकत बसायचे. आई दोघांच्या नावानं बोटं मोडायची. आधी तो मुंबईच्या मोठ्या कॉयरमध्ये गेला, तिथून एका जर्मन फादरनी त्याला शिकायला नेलं. शिकून तिथल्याच एका ऑपेरात नोकरीला लागला. आम्हाला कुठे ठाऊक ऑपेरा म्हणजे काय! "नाटकच गं फ्लॉसीबाय, पण बोलायचं नाही, सगळं गायचं. मरायचं तेसुद्धा गात," असं त्यानं मला समजावलं होतं.

अकरा वर्षांत एकदाच आला, आई गेली तेव्हा, चार दिवसांसाठी. तेव्हा घरात गाण्याचं नावही निघालं नाही. कॅसेट पाठवतो म्हणाला तर बाबा भडकले, "डब्यातलं गाणं मला नको." मग साखरेनं बाबांची नजर गेली, पाय सुजले, छातीत पाणी व्हायला लागलं. ब्याऐंशीच्या दिवाळीत डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता फार दिवस धरू नका. मी बेसिलला तार केली. बाबांना मरणाचं काही नव्हतंच. "नाताळला येतोय ना? मग माझं गाणं होऊन जाऊ दे." त्यांचा सगळा जीव तिथे अडकला होता.

बेसिल नाताळच्या आदल्या दिवशी पोचला. नाताळच्या सकाळी मिस्साच्या प्रार्थनेला मी बाबांना टांग्यातून चर्चमध्ये नेलं, पुढच्या बाकावर बसवलं. गायक मागे, माडीवर. क्लेमेंटनं मुंबईहूनही चार पाहुणे गायक बोलावले होते. गाणं सुरू झालं, बेसिलचा भाग आला, आणि देवा रे! माइक नाही, काही नाही, तरी आवाज पार पुढच्या वेदीपर्यंत, अल्तारापर्यंत घुमत होता. बायका माना वळवून वर बघायला लागल्या. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू? पण मनात आलंच, हा आपला बेसिल? वाडीतला तो पातळ, धारदार आवाज कुठेच नव्हता. हा भरदार होता, जड, एकेक शब्द गोल करून सोडणारा. ऑपेराच्या एवढ्या मोठ्या थिएटरात माइकशिवाय पुरायला त्यानं आधीचा आवाज मोडूनच टाकला असणार.

मिस्सा संपल्यावर तो जिन्यावरून धावतच खाली आला, घामाघूम, आणि बाबांसमोर उभा राहिला. लहानपणी स्पर्धेनंतर राहायचा तसा. बाबांनी माझा हात घट्ट धरला.

"फ्लॉसी, त्या क्लेमेंटला आधी इकडे बोलाव. माझं गाणं मुंबईच्या पाहुण्याला कुणी दिलं? चांगला गायला, मी नाही म्हणत नाही. पण आपला बेसिल कधी गाणार?"

मला राहवलं नाही. "अहो बाबा, तोच होता! हा काय, समोर उभाय!"

बाबांनी हात पुढे केला, बेसिलचा चेहरा चाचपला. "तू होतास?" हळूच हात मागे घेतला. मग म्हणाले, "हो का? छान गायलास हं." लोकांच्या पोरांना म्हणायचे ना, अगदी तसंच. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी बेसिल त्यांच्या खाटेशी बसला. "बाबा, ऐका." पूर्वीसारखं गायचा प्रयत्न करायला लागला. आवाज बारीक केला की फाटायचा, मोकळा सोडला की पुन्हा तो ऑपेरातला यायचा. त्याच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. बाबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "राहू दे रे. प्रवासानं दमलायस. उद्या गा." दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून रडायचे.

सहा जानेवारीच्या तीन राजांच्या सणाआधी बाबा गेले. आदल्या रात्री ग्लानीत विचारत होते, "बेसिल आला का गं?" त्यांचा हात बेसिलच्याच हातात होता.

मातीला सगळा गाव लोटला. खड्ड्यापाशी क्लेमेंट हळूच बेसिलजवळ आला, "एखादं गीत म्हण, मास्तरांसाठी." बेसिलनं नाही म्हणून मान हलवली. मागे कुणीतरी बाई पुटपुटली, "तिकडे पैसे घेऊन गातो, बापासाठी फुकट कशाला गाईल?" माझं डोकं फिरलं. तिला चांगलं सुनवायला मी वळले, तर बेसिलनं माझा दंड धरला.

"जाऊ दे, फ्लॉसीबाय," तो म्हणाला. "मी गायलो तर बाबांना वाटेल, मातीलाही पाहुणाच गायला. बेसिल काही आला नाही."