एका खड्यातल्या दोघी

गावियसचं जहाज दहा दिवसांत अलेक्झांड्रियाला निघणार होतं आणि घरात अजून त्याच्या अंगठीवर एकमत होत नव्हतं. लाल अकीकाचा खडा एकच, देवी दोन. त्याची आई कानिया फोर्तुनावर अडून बसली होती. तीन पिढ्या या घरची जहाजं तिनंच अक्विलेयाच्या धक्क्याला परत आणली होती. बायको ताएसिस नाईलकाठची. समुद्रावर ईसिसखेरीज तिचा कोणावर भरवसा नव्हता.

"तुझ्या देवीला आमचा समुद्र काय ठाऊक?" कानिया म्हणायची.

"तुमच्या देवीला घरी परतायचंच ठाऊक. तो तर तिकडे चाललाय."

खडे कोरणाऱ्या म्हाताऱ्या दिओक्लेसनं कुरुंदाची पूड तेलात कालवत दोघींचं ऐकून घेतलं.

"भांडता कशाला? अंग एकीचं, डोकं दुसरीचं. हल्ली निम्मं बंदर हेच घालतं."

त्यानं फोर्तुनाच्या एका हातात फळांनी भरलेलं शिंग दिलं, दुसऱ्यात सुकाणू. डोक्यावर मात्र ईसिसचा शिंगांचा मुकुट, वर दोन पिसं. कानियानं मेणावर ठसा उमटवून पाहिला, नाक मुरडलं आणि पैसे दिले. ताएसिस मनातून खूश होती. डोकं तिच्या देवीचं होतं.

शरद संपत आला तरी जहाज आलं नाही. मग पलीकडच्या किनाऱ्यावरचा एक कोळी फडक्यात बांधून अंगठी घेऊन आला. बंदरात विचारत फिरताना दिओक्लेसनं आपलं काम ओळखून त्याला या घरी धाडलं होतं. वाळूवर लागलेल्या माणसाचा चेहरा ओळखण्याजोगा उरला नव्हता, कोळी म्हणाला. "आम्हीच त्याला पुरलं."

तो गेल्यावर कानिया बराच वेळ अंगठी तळहातावर फिरवत राहिली.

"डोकं तुझ्या देवीचं होतं. वादळात शिरू नये एवढं तिला कळलं नाही?"

"सुकाणू तुमच्या देवीच्या हातात होतं, सासूबाई."

बोलल्याबरोबर ताएसिसला लाज वाटली, पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही. कानियाही रागावली नाही. तिनं अंगठी देव्हाऱ्यात ठेवली आणि धुपाची डबी सुनेकडे सरकवली.

"लाव. तुझ्या देवीला लाव."

"तुम्ही तुमच्या देवीला लावा."

खड्यात दोघी एकच होत्या, एकीला लावलेला धूप दुसरीलाही पोचणार होता. डबी दोघींच्या मधे बंदच राहिली.